भिंतीवरचे चित्र आणि पेटीतला कागद

रस्त्यावरच्या भिंतीवर काढलेले चित्र कोणाचे? भिंत ज्याची त्याचे, असे कायदा म्हणेल. ज्याने काढले त्याचे, असे चित्रकाराचे चाहते म्हणतील. येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांचे, असे आपण वर्गातल्या चर्चेत म्हणतो आणि टाळ्या मिळवतो. तिन्ही उत्तरांत थोडेथोडे तथ्य आहे. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या भांडणात एक चौथा मनुष्य शिरला आहे. तो संग्राहक. त्याला ते चित्र घरी न्यायचे आहे आणि त्यासाठी पैसे मोजायची त्याची तयारी आहे. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क येथे भिंती रंगविणारे कित्येक चित्रकार आपल्या चित्रांच्या मोजक्या प्रती कागदावर छापतात, प्रत्येक प्रतीवर क्रमांक घालतात आणि विकतात. या मर्यादित आवृत्तीच्या मुद्राचित्रांमागे जगभरचे संग्राहक लागलेले आहेत.

या छंदाविषयी आपल्या मित्रमंडळींत बोलणे निघाले की दोन पक्ष पडतात. एक पक्ष नाक मुरडतो. त्याच्या मते रस्त्यावरची कला ही फुकटच असली पाहिजे. ती विकली त्या दिवशी मेली. दुसरा पक्ष हिशेब मांडतो. आज शंभराला घेतलेला कागद उद्या लाखाला जाईल, मग का घेऊ नये? मला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. माझे म्हणणे थोडक्यात असे : रस्त्यावरच्या चित्रकाराकडून घरी नेण्याजोगी प्रामाणिक वस्तू एकच, ती म्हणजे त्याने आपण होऊन छापलेले मुद्राचित्र. आणि त्या कागदाच्या कोपऱ्यातला क्रमांक म्हणजे एक वचन आहे. ते जसे देणाऱ्याने पाळायचे तसेच घेणाऱ्यानेही पाळायचे. घेणारे ते पाळत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

प्रथम नाक मुरडणाऱ्यांकडे वळू. चित्र विकू नये म्हटल्याने ते विकले जाण्याचे थांबत नाही. मुद्राचित्र नसेल तर लोक भिंतीच उचलून नेतात! याचे ठळक उदाहरण लंडनमधले आहे. मे २०१२ मध्ये उत्तर लंडनच्या वुड ग्रीन भागात एका स्वस्त मालाच्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर बँक्सी या चित्रकाराचे चित्र उमटले. शिलाई यंत्रापुढे बसलेला एक लहान मुलगा ब्रिटिश झेंड्यांच्या पताका शिवतो आहे, असे ते चित्र. त्या वर्षी राणीच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षांचा सोहळा देशभर चालू होता आणि रस्तोरस्ती तशाच पताका लागल्या होत्या. त्या पताका कोणाच्या हातांनी शिवल्या गेल्या असतील, हा प्रश्न त्या भिंतीने त्या दिवसांत, त्या रस्त्यावर विचारला. फेब्रुवारी २०१३ मध्ये चित्र भिंतीच्या तुकड्यासकट नाहीसे झाले आणि अमेरिकेतल्या मायामी शहरात लिलावाच्या यादीत दिसले. वुड ग्रीनच्या रहिवाशांनी आरडाओरडा केला, तेव्हा ते तिथल्या लिलावातून मागे घेण्यात आले. पण त्याच वर्षी जूनमध्ये लंडनला ते विकले गेलेच. किंमत सुमारे साडेसात लाख पौंड सांगितली गेली. रहिवाशांना काय मिळाले? भिंतीतला खड्डा.

याहून जुनी गोष्ट कीथ हॅरिंगची. १९८० ते १९८५ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर तो चित्रे काढी. जाहिरातीची मुदत संपली की त्या चौकटीवर काळा कागद चिकटवीत. त्यावर हा पांढऱ्या खडूने भराभर रेषा ओढून पुढची गाडी पकडायचा. पोलिसांनी त्याला अनेकदा पकडलेही. पण तो काम थांबवण्याच्या बेताला आला तो पोलिसांमुळे नव्हे, असे मला वाटते. त्याचे नाव झाल्यावर लोक ते काळे कागद फाडून नेऊन विकू लागले. ज्या प्रवाशांसाठी ती चित्रे होती त्यांच्या नजरेला ती पडेनाशी झाली. चाहत्यांच्या प्रेमाने असे चित्र संपवावे, याला काय म्हणावे?

तेव्हा संग्राहकाची भूक ही वस्तुस्थिती धरून चालले पाहिजे. ती भागवण्याचा असा एखादा मार्ग हवा की ज्यात भिंत शाबूत राहील. तो मार्ग म्हणजे मुद्राचित्र. आणि गंमत अशी की, भिंतीवरचे चित्र आणि कागदावरचे मुद्राचित्र ही परकी नाहीत, सख्खी भावंडे आहेत.

हे थोडे समजावून सांगतो. रात्रीच्या अंधारात, पहारेकऱ्याची नजर चुकवून चित्र काढायचे तर वेळ मिनिटांचा असतो. म्हणून पॅरिसमध्ये १९८१ पासून ब्लेक ल रा या चित्रकाराने आणि पुढे बँक्सीने स्टेन्सिलचा आश्रय घेतला. पुठ्ठ्यात आकृती कापून ठेवायची, पुठ्ठा भिंतीला टेकवायचा, रंगाची फवारणी करायची आणि निघायचे. एकच पुठ्ठा दहा भिंतींवर चालतो. म्हणजे भिंतीवरचे हे चित्रही मुळात छापच! आता स्क्रीन प्रिंटिंग पाहा. आपल्या गावोगावच्या छापखान्यांत लग्नपत्रिका ज्या पद्धतीने छापतात तीच ही पद्धत. लाकडी चौकटीवर जाळीदार कापड ताणून बसवतात, नको असलेला भाग बुजवतात आणि वरून रबरी पट्टीने शाई ओढतात. उघड्या भागातून शाई खालच्या कागदावर उतरते. दर रंगाला वेगळी चौकट, आणि एक रंग वाळल्याखेरीज दुसरा चढवायचा नाही. म्हणजे जाळीवर बसवलेले स्टेन्सिलच ते. तैलचित्राचा फोटो काढून छापला तर ती नक्कल होते. स्टेन्सिलच्या चित्राचे स्क्रीनवर छापलेले मुद्राचित्र ही नक्कल नव्हे. हातोटी तीच, फक्त विटेच्या जागी कागद आला.

बँक्सीची फुगा सुटलेली मुलगी आज सर्वांना ठाऊक आहे. लाल, हृदयाच्या आकाराचा फुगा वाऱ्यावर निघाला आहे आणि मुलीचा हात त्याच्याकडे पसरलेला आहे. २००२ साली ती लंडनच्या भिंतींवर आली. वॉटर्लू पुलाजवळच्या जिन्याशी असलेली ती मुलगी पुढे रंगाखाली गेली. भिंतीवरच्या चित्राचे नशीबच असे, आणि त्याबद्दल मी रडणार नाही. पण २००४ साली तिची मुद्राचित्रे निघाली : १५० प्रती सहीच्या आणि ६०० प्रती बिनसहीच्या. त्या ७५० कागदांमुळे ती मुलगी चित्रकाराच्या हातोटीनिशी शिल्लक राहिली, आणि त्यासाठी कोणाच्याही भिंतीला छिन्नी लावावी लागली नाही. सहीच्या प्रतीहून बिनसहीच्या चौपट निघाल्या, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. सही हवी त्याने जास्त पैसे द्यावेत. चित्र हवे त्याला ते बेताच्या पैशात मिळावे, असा त्यामागचा हिशेब.

आता त्या क्रमांकाविषयी. मुद्राचित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने २७/१५० असे काहीतरी लिहिलेले असते. दीडशेपैकी ही सत्ताविसावी प्रत, असा त्याचा अर्थ. जुन्या काळी प्रती मोजक्या असत त्या नाइलाजाने. तांब्याच्या पत्र्यावर सुईने थेट ओरखडून चित्र काढले की रेषेच्या कडेला धातूची बारीक कोर उभी राहते, तीत शाई धरते आणि रेषा मखमलीसारखी मऊ उमटते. थोड्याच प्रती काढल्या की ती कोर दाबाने झिजते आणि मागच्या प्रती फिक्या निघतात. तिथे क्रमांकाला काही अर्थ होता. स्क्रीनवर शेकडो प्रती सहज निघतात आणि जाळी झिजली तर नवी बांधता येते. दीडशेला थांबायचे ते चित्रकाराने ठरवले म्हणून. तेव्हा क्रमांकाच्या पोटी एकच गोष्ट असते, चित्रकाराचा शब्द : 'याहून जास्त छापणार नाही.'

या ठिकाणी मला मोठी मौज वाटते. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतीवर विनापरवाना चित्रे काढली, ज्याने आपले खरे नाव कधी जाहीर केले नाही, त्याच्या शब्दावर लोक लाखो पौंड लावतात! आणि त्याने तो शब्द पाळण्याची व्यवस्थाही केली. २००८ साली 'पेस्ट कंट्रोल' या नावाची एक संस्था काढण्यात आली. नाव ढेकूण-झुरळे मारणाऱ्या मंडळींचे, काम बँक्सीच्या चित्रांचा खरेखोटेपणा ठरवण्याचे. बँक्सीने २००४ साली दहा पौंडांच्या बनावट नोटा छापल्या होत्या, त्यांवर राणीच्या जागी डायानाचे चित्र होते. पेस्ट कंट्रोल जे प्रमाणपत्र देते त्याला अशीच एक नोट अर्धी फाडून टाचलेली असते. दुसरा अर्धा भाग संस्थेपाशी राहतो. खऱ्या चित्राचा पुरावा म्हणजे खोट्या नोटेचा अर्धा तुकडा! आणखी एक नियम या संस्थेने पाळला आहे. रस्त्यावरून उचलून आणलेल्या चित्रांना ती प्रमाणपत्र देत नाही. जे रस्त्यासाठी काढले ते रस्त्यावर राहू द्या, घरी न्यायचे ते कागदावर न्या, असा हा स्वच्छ निवाडा आहे. माझ्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार मला सापडला नसता.

म्हणजे देणाऱ्याने आपल्या बाजूचे वचन बऱ्यापैकी पाळले. घेणाऱ्याने काय केले?

२००३ च्या सुमारास लंडनमध्ये 'पिक्चर्स ऑन वॉल्स' नावाची एक छापणारी मंडळी उभी राहिली. मोठी कलादालने ज्यांना दारात उभे करीत नसत, अशा चित्रकारांची मुद्राचित्रे साध्या माणसाला परवडतील अशा किमतीत काढायची, हा तिचा उद्योग. बँक्सीची मुद्राचित्रे येथूनच बाहेर पडली. ही मंडळी २०१७ च्या अखेरीस बंद झाली. दिवाळे वाजले म्हणून नव्हे. निरोप घेताना तिने सांगितलेले कारण उलटेच होते. तिचे चित्रकार यशस्वी झाले आणि त्यांची चित्रे बाजारातला आणखी एक माल होऊन बसली. स्वस्तात विकलेला कागद दाराबाहेर पडताच कित्येक पटीने पुन्हा विकला जाणार असेल, तर स्वस्त किमतीचा फायदा होतो कोणाला? रांगेत पहिला उभा राहणाऱ्या दलालाला. ज्या विद्यार्थ्यासाठी, ज्या शिक्षिकेसाठी ती किंमत ठेवली होती, त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

बाजाराचे वेड किती वाढले याची दोन उदाहरणे पुरेत. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी लंडनच्या सदबीज या लिलावगृहात फुगेवाल्या मुलीचे एक रंगवलेले चित्र सुमारे १० लाख ४२ हजार पौंडांना गेले. हातोडा पडताच चौकटीत दडवलेले कागद कातरण्याचे यंत्र सुरू झाले आणि खालचा अर्धा भाग पट्ट्या होऊन बाहेर लोंबू लागला. बाजाराच्या तोंडात मारायची ती युक्ती होती. बाजाराने काय केले? त्या चिंध्यांना नवे नाव मिळाले, आणि १४ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याच लिलावगृहात ते चित्र १ कोटी ८५ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले. मारलेली थप्पडसुद्धा बाजाराने विकून दाखवली!

दुसरे उदाहरण मुद्राचित्राचेच. लिलावाला जमलेल्या श्रीमंतांपुढे एक चौकट मांडली आहे आणि चौकटीत विकत घेणाऱ्यांना मूर्ख म्हणणारे वाक्य आहे, असे बँक्सीचे एक मुद्राचित्र आहे. २०२१ च्या मार्च महिन्यात संगणकी चलनाच्या धंद्यातल्या काही लोकांनी त्याची एक प्रत सुमारे ९५ हजार डॉलरला घेतली, कॅमेऱ्यापुढे ती जाळली आणि तिची संगणकावरची मालकी सुमारे ३ लाख ८० हजार डॉलरला विकली. कागद गेला आणि किंमत चौपट झाली. नुसता आकडाच गोळा करायचा असेल तर चित्राची गरजच काय, हे त्या लोकांनी नकळत सिद्ध केले. मला त्यांचा राग येतो, तरी त्यांचे एक मानले पाहिजे. जे इतर लोक मुद्राचित्र पेटीत बंद करून गोदामात ठेवून करतात, तेच यांनी उघड्यावर केले. पाच वर्षे गोदामात पडलेले चित्र आणि जळालेले चित्र, बघणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखीच नाहीत काय?

येथे एक विचारी आक्षेप येईल. प्राध्यापकांपैकी कोणी तो घेतीलच, म्हणून आधीच उत्तर देऊन ठेवतो. आक्षेप असा : मर्यादा हेच दुखण्याचे मूळ आहे. दीडशेच्या जागी दीड लाख प्रती छापा, म्हणजे दलालाचा धंदाच बसेल. याला आपल्या घरचा दाखलाही आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातली लक्ष्मी आणि सरस्वती कोणत्या घरात पोचली नाही? कोणत्याही प्रतीवर क्रमांक नव्हता, आणि त्या चित्रांनी देव्हाऱ्यापासून दिनदर्शिकेपर्यंत आपली दृष्टी घडवली. हॅरिंगनेही हेच केले. १९८२ साली न्यूयॉर्कमधील अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी त्याने २०,००० भित्तिपत्रके स्वखर्चाने छापून फुकट वाटली, आणि १९८६ साली 'पॉप शॉप' हे दुकान काढून आपली चित्रे बनियनांवर आणि बिल्ल्यांवर विकली. दुकानदार झाला म्हणून टीकाकारांनी त्याला नावे ठेवली, पण ते दुकान त्याच्या मृत्यूनंतरही २००५ पर्यंत चालले.

हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. अमर्याद छपाई हे मोठे काम आहे आणि ते झालेच पाहिजे. पण त्यासाठी आधी भांडवल लागते, आणि भिंतीवर रात्री चित्र काढणाऱ्या पोराला पेढी कर्ज देत नाही. त्याचे भांडवल म्हणजे मर्यादित आवृत्ती. शेपर्ड फेअरीचे उदाहरण घ्या. १९८९ साली एका मल्लाच्या चेहऱ्याचे चिकटपत्र गावभर डकवून सुरुवात केलेला हा चित्रकार. २००८ साली बराक ओबामा यांचे लाल-निळे चित्र त्याने केले तेव्हा विक्रीसाठी आधी ३५० प्रती काढल्या, आणि त्या पैशातून आणखी भित्तिपत्रके छापून रस्तोरस्ती लावली. ज्यांनी त्या प्रती घेतल्या त्यांनी स्वतःच्या घरासाठी एक चित्र घेतले आणि रस्त्यासाठी कित्येक दिली. क्रमांकाचे वचन दोन्हीकडून पाळले गेले की असे घडते. मर्यादित आवृत्ती ही अमर्याद आवृत्तीची सावत्र बहीण नव्हे. कमावती थोरली बहीण आहे.

मग घेणाऱ्याने पाळायचे वचन कोणते? मला ते साधे दिसते. एक : जे आवडले तेच घ्यावे. १३ ऑक्टोबर २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ फूटपाथवर एका वृद्ध गृहस्थाने चित्रांची टपरी मांडली होती. बँक्सीची सही असलेली अस्सल चित्रे, प्रत्येकी ६० डॉलर. नाव कुठेच जाहीर केले नव्हते. दिवसभरात विक्री झाली ४२० डॉलरची. एका बाईने तर घासाघीस करून दोन चित्रे निम्म्या किमतीत नेली. या गोष्टीवर लोक हसतात आणि न थांबता पुढे गेलेल्यांची कीव करतात. मला त्या बाईंचे कौतुक वाटते. त्यांनी नावाकडे न पाहता चित्र पाहिले आणि परवडेल त्या भावात घेतले. त्या दिवशी साऱ्या शहरात बँक्सीचे खरे संग्राहक जे काही थोडे होते, त्यांत त्या एक.

दोन : एकाच चित्राच्या दोन प्रती, एक ठेवायला आणि एक विकायला, असे घेऊ नये. दुसरी प्रत दुसऱ्या कोणाची तरी असते. २०१९ साली बँक्सीने लंडनच्या क्रॉयडन भागात मांडलेल्या दुकानातला माल घेण्यासाठी आधी एका प्रश्नाचे उत्तर पन्नास शब्दांच्या आत द्यावे लागे : कलेला महत्त्व का? दलालाला अडवण्याचा हा उपाय फारसा भक्कम नाही, हे खरे. पण विचारावा तो प्रश्न त्याने विचारला.

तीन, आणि सर्वांत महत्त्वाचे : चित्र टांगावे. उन्हाने रंग उडतो, आपल्या पावसाळ्यात कागदावर बुरशीचे डाग येतात. त्यासाठी काच लावावी, मागे आम्लरहित पुठ्ठा घालावा, दमट भिंत टाळावी. पण टांगावे. जे चित्र येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी जन्मले, त्याला घरातल्या येणाऱ्या-जाणाऱ्याचे तरी दर्शन घडू द्यावे. कोणी बघायला मागितले तर दाखवावे, प्रदर्शनाला मागितले तर द्यावे.

माझ्या खोलीत बँक्सीही नाही आणि फेअरीही नाही, आणि ते असावेत इतके पैसे मला कधी मिळतील असे वाटत नाही. तरी हे लिहिले, कारण हा प्रश्न लंडनच्या श्रीमंतांपुरता नाही. आपल्याकडेही चित्रकलेचे विद्यार्थी भिंती रंगवतात, लाकडाचे आणि लिनोलियमचे ठसे कोरतात, पाच-दहा प्रती काढतात आणि त्या कपाटावर धूळ खातात. त्यांची प्रत सिनेमाच्या चार-पाच तिकिटांच्या पैशात मिळते. म्हणून एक सूचना करतो. आपल्या महाविद्यालयाने दर वर्षी एका तरुण चित्रकाराचे एक मुद्राचित्र विकत घ्यावे, रीतसर पैसे मोजून. आणि ते प्राचार्यांच्या खोलीत न लावता ग्रंथालयाच्या जिन्यात लावावे. जिना हा आपल्या इमारतीतला रस्ताच आहे. दहा वर्षांत दहा चित्रे होतील. त्यांची किंमत वाढेल की नाही हे मला सांगता येणार नाही. पण पुस्तक परत करायला निघालेला एखादा मुलगा दुसऱ्या पायरीवर थांबेल, मान वर करून पाहील आणि खाली पेन्सिलीने लिहिलेला ३/१० हा आकडा काय आहे, असे कोणाला तरी विचारील. त्याला उत्तर देणारे आपल्यापैकी कोणी तिथे असावे, एवढीच इच्छा आहे.